परवाना देण्याआधी नळाचे पाणी मोजा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पणजीच्या समोर, मांडवीपलीकडे वसलेल्या पर्वरीच्या उड्डाणपुलावर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आले आहे. सांगोल्ड्याच्या तिठ्यापासून खाली येणाऱ्या त्या पाचेक किलोमीटरच्या सहापदरी पुलाने लोकांना किती धूळ खायला लावली ते आम्ही पर्वरीकर जाणतो. धुळीचा विषय उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. मार्च २०२५ मध्ये पुलासाठी खाप्रेश्वराचा वड मुळासकट उपटून हलवला तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना घरातले वडीलधारे माणूस उचलून नेल्यासारखे वाटले. हे सगळे लिहिले गेले, ते योग्यच झाले. पण या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, गाव किती वाढणार आहे आणि वाढलेल्या गावाला प्यायला पाणी कुठून येणार आहे, हे विचारणारे पत्र माझ्या वाचनात आलेले नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवणारा कामगार होतो. डिचोली तालुक्यातून नोकरीसाठी इकडे आलो, इथेच संसार झाला आणि इथूनच निवृत्त झालो. कुठल्या वाड्यावर कधी पाणी सोडायचे, कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा, कुठल्या घराची टाकी भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे माझे रोजचे काम होते. अभियंत्यांकडे नकाशे असतात. आमच्याकडे नकाशा नसायचा. रस्त्याखाली काय आहे ते हाताला माहीत असायचे. या कामात एक गोष्ट पक्की शिकायला मिळते. पाणी पोहोचले की नाही हे टाकीपाशी उभे राहून कळत नाही, वाहिनीच्या टोकाला जे शेवटचे घर असते तिथे जाऊन नळ उघडावा लागतो. टोकाच्या घरात बादली भरत असेल तर मधल्या सगळ्यांची भरते.

पर्वरीतली अशी टोकाची घरे मला आजही माहीत आहेत. बहुतेक ती जुन्या लोकांची आहेत, उतारावर किंवा मुख्य रस्त्यापासून आत, जिथे पूर्वी चार-सहा घरांसाठी बारीक वाहिनी टाकली होती. पुढे त्याच वाहिनीच्या मध्यावर सात मजली इमारत उभी राहिली. इमारतीला खाली मोठा संप, म्हणजे जमिनीत बांधलेली टाकी, आणि वर गच्चीवर टाक्या. पाणी सुटले की आधी तो संप भरतो, कारण तो जमिनीखाली असतो आणि पाणी सखल जागा शोधते. तो भरेपर्यंत टोकाच्या घरातली बाई नळाखाली कळशी ठेवून बसते. त्यातच कोणी वाहिनीला थेट पंप लावला तर गोष्ट आणखी बिघडते. पंपाने वाहिनीतला दाब उतरतो, आणि जिथे सांधा सैल असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. शेजारी शौचालयाचा शोषखड्डा पाझरत असला म्हणजे पुढचे सांगायची गरज नाही. पाणी थोडे येणे आणि पाणी खराब येणे या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून नोंदवल्या जातात. जमिनीखाली त्यांचे कारण पुष्कळदा एकच असते.

पर्वरी काही एका रात्रीत वाढलेली नाही. माझ्या आधीच्या पिढीतले लोक सांगत, इथे काजू, कुसळी गवत आणि उघडा कातळ याखेरीज फारसे काही नव्हते. वस्ती होती ती सड्याच्या कडेने आणि पायथ्याला, जिथे झरे आणि विहिरी होत्या. मांडवीवर पूल झाला, गृहनिर्माण मंडळाची वसाहत उभी राहिली. १९८३ साली राष्ट्रकुल प्रमुखांच्या परिषदेसाठी कळंगुटकडे जाणारा जो रस्ता केला त्याला लोक त्या परिषदेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून अजून चोगम रोड म्हणतात. पाहुणे दोन दिवसांत गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन मात्र तेव्हापासून वाढत्या भावाने विकली जाते आहे. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला, काही वर्षे फेरीबोटीवर दिवस काढले, तरी पर्वरी थांबली नाही. २००० साली विधानसभा पणजीच्या आदिलशाही राजवाड्यातून इथे आली, पाठोपाठ सचिवालय. २०१९ मध्ये अटल सेतू, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाची नवी इमारत, जानेवारी २०२३ पासून मोपाच्या नव्या विमानतळाची विमाने आणि त्यांच्या मागे महामार्गावरची वर्दळ. यातल्या प्रत्येक गोष्टीने पर्वरीत राहायला येण्याचे आणखी एक कारण दिले. राज्याचे कायदे जिथे होतात आणि त्या कायद्यांचा निवाडा जिथे होतो ते गाव अजून पंचायतींच्या कारभारावर चालते. मुख्यतः तीन: पेन्ह द फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद. जनगणनेत पेन्ह द फ्रान्स आणि सुकूर यांची नोंद शहर म्हणून होते, कारण लोकवस्ती दाट आहे आणि शेतीवर जगणारे थोडे उरले आहेत. कागदोपत्री त्या गावच आहेत.

यामुळे होते काय, तर सडा एक, पाण्याच्या टाक्या सामाईक, महामार्ग एक, पण बांधकाम परवाना देणारी टेबले तीन. एका पंचायतीने दिलेल्या परवान्याचे पाणी दुसरीच्या टोकाच्या घरातून वजा होते. हे कोणाच्या वाईट हेतूने होते असे मी म्हणत नाही. पंचायतीच्या हद्दी फार जुन्या आहेत, आणि त्या आखल्या तेव्हा नळ कोणाच्या डोक्यात नव्हता.

एक हिशेब मांडतो, तो कोणालाही वहीवर करून पाहता येईल. शहरी वस्तीत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरावे असा केंद्र सरकारचा मापदंड आहे. शंभर सदनिकांची एक वसाहत धरा, घरात सरासरी चार माणसे. ४०० गुणिले १३५, म्हणजे दिवसाला ५४ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेपाच टँकर रोज. त्यातले सुमारे ऐंशी टक्के, म्हणजे ४३ हजार लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. ही एकाच वसाहतीची गोष्ट. तिच्यात पोहण्याचा तलाव असेल, बगीचा असेल, तर ते वेगळे. आता पर्वरीच्या कुठल्याही चढावर उभे राहून कोपऱ्याकोपऱ्यावर किती क्रेन दिसतात ते पाहावे.

मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. आपण राहायला आलेली माणसे मोजतो. तीही नीट मोजत नाही, कारण मागची जनगणना २०११ ची आहे आणि पुढची २०२७ ची. परवाना मिळालेली, पण अजून कुलूप न उघडलेली घरे तर कोणी मोजतच नाही. आज एखाद्या वाड्यावर पाणी पुरते आहे असे दिसते, म्हणून नव्या इमारतीला हरकत नसल्याचा दाखला मिळतो. त्याच वाड्यावर आधी परवाना मिळालेल्या चार इमारती अर्धवट उभ्या असतात, त्यांचे नळ अजून जोडलेले नसतात, म्हणून त्यांची तहान कागदावर शून्य असते. तीन वर्षांनी त्या चारही इमारती एकदम भरतात आणि सगळ्यांना वाटते की टंचाई अचानक आली. लग्नाची आमंत्रणे वाटत सुटायचे आणि पंगतीत पाने किती मांडली एवढेच बघून भात शिजवायचा, तसे हे चालले आहे.

मी पाहिलेल्या अशा कितीतरी दाखल्यांवर ‘पाण्याच्या उपलब्धतेनुसार’ अशा अर्थाची एक ओळ असायची. त्या ओळीने देणारा सुटतो, घेणारा बांधतो, आणि उपलब्धता नसल्याचे ओझे शेवटी ज्याने कर्ज काढून सदनिका घेतली त्याच्या आणि टोकाच्या घरातल्या बाईच्या डोक्यावर येते. त्या दाखल्यावर आकडा असला पाहिजे. कुठल्या टाकीतून, किती इंची वाहिनीने, दिवसाला किती घनमीटर. आकडा लिहिता येत नसेल तर दाखला देता येत नाही, इतके साधे आहे ते.

आकडे मिळत नाहीत अशी सबब मला मान्य नाही. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प रेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदवावा लागतो. त्या नोंदीत सर्व्हे क्रमांक असतो, सदनिका किती ते असते, पूर्ण कधी होणार ते असते. पंचायतीकडे परवान्यांचे पुस्तक असते, भोगवटा दाखल्यांचे, म्हणजे बांधून झालेल्या घरात राहायला दिलेल्या परवानग्यांचे असते. पाणीपुरवठा कार्यालयाकडे जोडण्यांची यादी असते. नगरनियोजन खात्याकडे तांत्रिक मंजुऱ्या असतात. माझ्या सुनेने संगणकावर रेराची माहिती काढून दाखवली तेव्हा आमच्या आसपासच्या इमारती त्यात एकेक करून सापडल्या. सगळे आहे, पण चार कार्यालयांत चार ठिकाणी, आणि सर्व्हे क्रमांकावरून व्हॉल्व्ह कुठला ते कळत नाही. हे चार कागद एकत्र लावून टाकीनिहाय बेरीज करायला दोन चांगले कारकून आणि एक जुना व्हॉल्व्हमन एवढी माणसे पुरेत.

ही बेरीज दर तीन महिन्यांनी तिन्ही पंचायतींच्या फलकांवर लागावी अशी माझी मागणी आहे. एका बाजूला टाकीचे नाव आणि ती रोज किती पाणी देऊ शकते तो आकडा. दुसऱ्या बाजूला आज चालू असलेल्या जोडण्या, आणि त्यांच्याखाली परवाना मिळालेल्या पण भोगवटा दाखला न मिळालेल्या सदनिका. वजाबाकी ऋण आली की त्या टाकीच्या क्षेत्रात नवा मोठा परवाना थांबवायचा, नवी वाहिनी किंवा नवी टाकी होईपर्यंत. स्वतःच्या भाटात, म्हणजे बागायतीत, मुलासाठी घर बांधणाऱ्याला यातून वगळावे. त्याच्या एका नळाने टाकी रिकामी होत नाही.

पाणी मुळात येते कुठून, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. पर्वरी ज्यात येते त्या बार्देश तालुक्याचा बराच भाग अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर अवलंबून आहे आणि अस्नोडा तिळारीच्या कालव्यावर. तिळारीचे धरण दोडामार्गला, म्हणजे महाराष्ट्रात. तो कालवा डोंगरदऱ्यांतून येतो. तो फुटल्याच्या बातम्या याच वर्तमानपत्रातून आपण वरचेवर वाचतो. कालवा फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला की आमठाण्याच्या धरणाचे पाणी घेऊन वेळ मारून नेतात. माझ्या नोकरीत असे दिवस फार कठीण जात. पाणी अर्धे आणि वाडे तेवढेच, मग कोणाला आज आणि कोणाला उद्या हे आम्ही ठरवायचे. लोक रस्त्यात अडवत, शिव्या देत, आणि मला त्यांचा राग कधी आला नाही. ज्या घरात आजारी माणूस आहे, ज्या घरात बाळंतीण आहे, त्यांनी कोणाला बोलायचे? तेव्हा व्हॉल्व्ह फिरवणारा हाच त्यांच्यासमोर उभा असलेला एकमेव सरकारी माणूस असायचा. तेव्हाच्या पर्वरीत हे निभावून जाई, कारण बऱ्याच घरांना विहीर होती.

त्या विहिरी आता सांभाळायला हव्यात. सडा म्हणजे ओसाड जागा, तिचा काही उपयोग नाही, बांधकामाला उत्तम, अशी एक समजूत पसरली आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो सड्यावर मुरतो आणि हळूहळू पायथ्याला झिरपतो. साळगावची झर, पोंबुर्फ्याची झर, पायथ्याच्या वाड्यांतल्या एप्रिलमध्येही पाणी असणाऱ्या विहिरी, ही सगळी डोंगरमाथ्यावर मुरलेल्या पावसाची कमाई. माथ्यावर सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक घातले की तोच पाऊस मुरायचे सोडून रस्त्यावरून धावतो, व्हाळ, म्हणजे ओढा, फुगतो आणि तोर्ड्याकडच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, नको तेव्हा नको तितके गोडे पाणी उतरते. खाजनाची मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, भरतीचे खारे पाणी आत येऊ नये आणि शेतातले पाणी ओहोटीला बाहेर जावे म्हणून बांधलेली असते. ती आमच्या पूर्वजांनी शेताचा पाऊस मोजून बांधली. वरच्या वसाहतींच्या गच्च्यांचा पाऊस त्यांनी धरला नव्हता. शंभर चौरस मीटरच्या एका गच्चीवर पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी पडते. ते जमिनीत सोडण्याची सोय केल्याखेरीज भोगवटा दाखला देऊ नये. आणि ती सोय खरोखर चालते का, हे पहिल्या मोठ्या पावसात जाऊन पाहावे, नुसता आराखड्यावरचा चौकोन पाहू नये.

सांडपाण्याविषयीही असेच. मलनिस्सारण वाहिनी दारापर्यंत आलेली नसेल तिथे सगळे सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्यावर चालते. जे मुरण्याचे गुण जांभ्यात आहेत ते पावसापुरतेच नाहीत, घाणही तितक्याच सहज मुरते. चार घरांची घाण जमीन पचवते, शंभर घरांची पचवत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची पिढ्यान्पिढ्या वापरातली विहीर वरच्या अंगाला वसाहत झाल्यावर बंद करावी लागली. त्या विहिरीचे पाणी मी प्यायलो आहे. आज ते कुटुंब पिण्याचे पाणी जारने विकत घेते, आणि मला ते पाहवत नाही.

काही जण म्हणतील, यासाठी प्रादेशिक आराखडा आहे ना? आहे. २००६-०७ मध्ये गोव्यातले लोक रस्त्यावर उतरले, आराखडा २०११ रद्द करावा लागला, आणि मग चार्ल्स कोरिया, एडगर रिबेरो यांच्यासारखे जाणकार घेऊन आराखडा २०२१ तयार झाला. त्या वेळी गावागावांतून नकाशे आले होते. लोकांनी आपल्या झरी, आपले व्हाळ, आपली शेते त्यावर दाखवली. मी अशा एका बैठकीला बसलो होतो. शाळेच्या बाकांवर नकाशा पसरलेला, आणि ज्यांना वाचता येत नव्हते अशा म्हाताऱ्या बायाही बोट ठेवून सांगत होत्या की इथे पाणी असते, इथे बांधू नका. आपल्या गावाचे नियोजन आपण करतो आहोत असे मला तेव्हा वाटले, आणि तसे पुन्हा कधी वाटलेले नाही.

त्या आराखड्याच्या नावातले २०२१ साल मागे पडले. नवा आराखडा झाला नाही. त्याऐवजी एकेका जमिनीपुरता बदल करण्याच्या वाटा कायद्यात आल्या. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरवले. कलम ३९ अ चा मार्ग मात्र आहे. अर्ज करा, सूचना प्रसिद्ध होते, हरकतींना तीस दिवस. मी त्या सूचना वाचतो. गाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आधीचा विभाग, मागितलेला विभाग. बागायत होती, आता वसाहत व्हावी. तीस दिवसांत गावच्या माणसाने हरकत घ्यायची ती कशाच्या आधारावर? त्या जागेवर किती घरे येणार ते त्यात नसते. पाणी कुठल्या टाकीतून येणार ते नसते. सांडपाणी कुठल्या व्हाळाला लागणार तेही नसते. कायदा बदलायला वेळ लागेल हे मी समजतो, पण सूचनेत हे तीन रकाने वाढवायला कोणाची अडचण आहे?

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण पर्वरीच्या वाढीवर बोलायला लागले की चर्चा लगेच बाहेरून आलेल्या लोकांवर घसरते. मला ते पटत नाही. मीही बाहेरूनच आलो, तालुका दुसरा एवढाच फरक. आज सदनिकांत राहणारे बहुतेक लोक शिक्षक, परिचारिका, बँकेतले, सचिवालयातले, विमानतळावर काम करणारे आहेत. पणजीत घर परवडत नाही म्हणून ते पूल ओलांडून आले. त्यांना पाणी मिळाले पाहिजे आणि आमच्या मुलांनाही इथेच घरे मिळाली पाहिजेत. पाणी नसलेली घरे विकून त्यांची फसवणूक होते, तेव्हा नुकसान त्यांचेही होतेच. वर्षातले दहा महिने बंद राहणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या घरांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ती डिसेंबरात आणि मेमध्ये एकदम उघडतात. मे म्हणजे नेमका कालव्याचा आणि विहिरींचा कठीण महिना. टाकीची क्षमता मोजताना वर्षाची सरासरी धरून चालणार नाही, तो मे महिना धरावा लागेल.

ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे देशातले पहिले ‘हर घर जल’ राज्य ठरले. मला त्याचा अभिमान आहे, कारण त्या नळांपैकी काहींचे पाणी माझ्या हाताने सुटले आहे. घरोघरी नळ पोहोचवणे हे मोठे काम झाले. आता प्रत्येक टोकाच्या नळाला दाब किती आहे आणि पाणी किती तास राहते, हे मोजण्याचे काम हाती घ्यावे. दाब मोजायचे यंत्र मुठीत मावते. महिन्यातून एकदा तिन्ही पंचायतींतल्या टोकाच्या घरांत ते लावून आकडा लिहून ठेवला तर पर्वरीत कुठे बांधता येईल आणि कुठे नाही, हे कुठल्याही महागड्या अहवालापेक्षा लवकर कळेल.

पर्वरीला नगरपालिका द्यावी की नाही, यावर ग्रामसभांत वाद होतात. पालिका झाली की कर वाढेल, ग्रामसभेत उठून प्रश्न विचारण्याचा हक्क जाईल, ही भीती खोटी नाही. ग्रामसभा मला प्रिय आहे. रविवारी सकाळी एखादा साधा माणूस सरपंचांना उभे राहून जाब विचारतो, हे दुसरीकडे कुठे घडते? म्हणून माझे मत असे की पंचायती राहू द्याव्यात, पण पाणी, सांडपाणी आणि व्हाळ या तीन गोष्टींसाठी तिघींनी एक संयुक्त समिती करावी, तिच्यात पाणीपुरवठ्याचा अभियंता आणि नगरनियोजन खात्याचा माणूस बसावा, आणि मोठा परवाना या समितीच्या आकड्याशिवाय कोणत्याही पंचायतीने देऊ नये. सरपंच कोणत्याही पक्षाचे असोत, टाक्या सगळ्यांच्या सामाईक आहेत.

शेवटी तातडीचे सांगतो. उड्डाणपुलाच्या निमित्ताने महामार्गाच्या दोन्ही बाजू उकरलेल्या आहेत. अशी संधी पुन्हा तीस-चाळीस वर्षे येणार नाही. चार इंची वाहिनीपेक्षा सहा इंची वाहिनी रुंदीने दीडपट असते, पण त्याच दाबाने पाणी जवळजवळ तिप्पट नेते. किमतीत मात्र तिप्पट फरक पडत नाही, कारण खर्च मोठा असतो तो खोदण्याचा आणि पुन्हा डांबर घालण्याचा. सेवा रस्त्यांवर शेवटचा डांबराचा थर पडण्याआधी त्यांच्याखाली पुढच्या पिढीला पुरेल अशी पाण्याची वाहिनी, मलनिस्सारणाची वाहिनी आणि केबलींसाठी मोकळे पाइप टाकून घ्यावेत. आडव्या वाड्यांकडे जाणाऱ्या फाट्यांवर व्हॉल्व्हचे चेंबर आताच बांधावेत आणि प्रत्येक चेंबरची जागा नकाशावर नोंदवावी. आजवर कितीतरी जुने व्हॉल्व्ह डांबराखाली गाडले गेले आहेत. त्यांतले बरेचसे कुठे आहेत ते माझ्यासारख्या चार-पाच निवृत्त माणसांना ठाऊक आहे, आणि आम्ही म्हातारे होत चाललो आहोत. संबंधित अभियंत्यांनी कळवावे. कुठल्याही दिवशी, कितीही वाजता, मी त्यांच्याबरोबर बेतीच्या चढापासून सांगोल्ड्यापर्यंत चालत येऊन एकेक जागा दाखवायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त व्हॉल्व्हमन
पर्वरी, बार्देश – गोवा